तलावाची तिसरी पायरी

पणजी, ८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप भैयाजीकाकांना,

नमस्कार. साष्टांग घालता येत नाही, उजवं कोपर अजून वाकत नाही. तुम्ही गावात निराळंच सांगत आहात असं कळलं, म्हणून घडलं ते आधी क्रमाने:

१. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही देवळाच्या भोंग्यावरून जाहीर केलं, की माझी पुतणी शेवाळाची डॉक्टर आहे आणि आज ती तलाव साफ करून देणार आहे.
२. मला विचारलं नव्हतं.
३. अर्धं गाव तलावावर जमलं.
४. मी तिसऱ्या पायरीवर घसरून पडले.
५. तलाव होता तसाच हिरवा आहे.

आशाकाकूंचे गुडघे आणि तुमचा रक्तदाब बरा असेल. माझा रक्तदाब आधी बरा होता.

आता खुलासा. मी डॉक्टर झालेली नाही, प्रबंध चालू आहे. तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जनुकांवर आहे. एका पेशीचा जीव होता, त्याचं फांद्या फुटलेलं हातभर लांब शरीर कसं झालं, एवढाच प्रश्न. (हे मी दर दिवाळीला सांगते. तुम्ही दर दिवाळीला 'हो, हो' म्हणत चिवडा खाता.) तुमच्या तलावात आहे ते हिरवं. तुम्हाला वाटतं, फरक नुसता रंगाचा. काका, तुम्हाला नातीगोती कळतात, म्हणून तसंच सांगते. तुमच्या बांधीतलं धान आणि तलावातलं हिरवं शेवाळ एका घराण्यातले. तपकिरी शेवाळ त्यांना लग्नपत्रिका पाठवावी इतकंही जवळचं नाही. त्याचा खरा नातलग म्हणजे बटाट्यावर उशिरा पडणारा करपा. तपकिरी शेवाळाच्या कुठल्याशा पूर्वजाच्या पोटात एक लाल शेवाळ गेलं, ते पचलं नाही, आणि तेव्हापासून हे तपकिरी घराणं त्या गिळलेल्याच्या कष्टावर उन्हात बसून जेवतं. (असे एक गृहस्थ आपल्या तलाव समितीचे अध्यक्ष आहेत. नाव लिहीत नाही, पत्र त्यांनाच आहे.)

हे सगळं मी काठावर उभी राहून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं, हे मान्य. मग सुकरीबाईंनी (शेवाळामुळे ज्यांच्या शिंगाड्याच्या वेली खरोखरच सडताहेत) विचारलं, "बाई, मंग समुद्रावर काऊन गेली शिकाले? इथी शेवाळ कमी हाय का?" लटारूभाऊ म्हणाले, "भैयाजी, तिले औषध टाकाले लावा ना, नुसतं भाषणच करून राह्यली." आणि तुम्ही, माझे सख्खे काका, माझी बाजू घ्यायची सोडून माझ्या हातात बांबूचं दाताळं दिलंत. म्हणालात, "उतर पोरी. मोबाइल चालू हाय." उतरले. पहिली पायरी कोरडी, दुसरी हिरवी, तिसरी पाण्याखाली. त्या व्हिडिओत मी दोनदा पडते, दुसऱ्यांदा सावकाश. तो इथे माझ्या मार्गदर्शक बाईंपर्यंत पोचला आहे. त्यांनी तो पाहून पुन्हा लावला.

तलाव हिरवा का होतो ते सांगते, त्याला डॉक्टर लागत नाही. गावाची नाली तुम्ही तलावात सोडली आहे. नाली वळवा. सुकरीबाईंच्या वेली वाचतील.

आणि आता कालचा तुमचा मेसेज: "पोरी, तू पडली त्याचं लय वाईट वाटलं. समितीनं ठराव घेतला. वीस तारखेले पायऱ्या घासून सिमेंट टाकून राह्यलो. तुह्या नावाची पाटी लावतो." इतकं संताप आणणारं मला आजवर कुणी प्रेमाने लिहिलेलं नाही. (फोन केला नाही, कारण तुम्ही स्पीकर लावता आणि पानठेल्यावरची सगळी मंडळी मला सल्ले देतात.)

काकूंना नमस्कार. तुम्हाला वर एकदा घातला आहे, तेवढा पुरे.

तुमची पुतणी,
रंजीता

ता. क. १: निघायच्या घाईत काकूंनी माझी ओली, चिखलाची चप्पल न धुता दुधाच्या पिशवीत गाठ मारून बॅगेत घातली होती. इथे आल्यावर रागारागाने तिचा तळ खरवडला आणि निघालेला थर सवयीने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. हिरवं नव्हतं. तपकिरी होतं, फांद्या फुटलेले धागे, पेशीला पेशी लागून. गोड्या पाण्यात राहणाऱ्या तपकिरी शेवाळाच्या जाती जगभरात बोटांवर मोजण्याइतक्याच ठाऊक आहेत. हे त्यातलंच, असं मी म्हणत नाही. जनुकं वाचल्याशिवाय म्हणणारही नाही. पण चपलेवरचं होतं ते पाहण्यातच संपलं. असलंच, तर मी जिथे पडले त्या दगडावर आहे.

ता. क. २: म्हणून तिसरी पायरी घासू नका. सिमेंट टाकू नका. पाटी तर मुळीच नको. आणि भोंग्यावरून सांगू नका, नाहीतर अर्धं गाव नखांनी खरवडून मला डब्यात भरून पाठवेल. मी २२ तारखेला येते. पुन्हा दाताळं दिलंत तरी चालेल, मोबाइल तेवढा बंद ठेवा. आणि सुकरीबाईंना सांगा, त्यांनी विचारलं ते बरोबर होतं.

पायरी तशीच ठेवताय की नाही, एवढंच सोमवार, १७ नोव्हेंबरपर्यंत कळवा.