कुबड्या माशीचा खरा पत्ता

हे लिहायचं मी सोमवारपासून टाळतोय. आधी पेन नव्हतं, मग कागद नव्हता, मग खिडकीच्या काचेवर एक अनोळखी माशी बसली होती. उद्या सकाळी सात वाजता माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. आता टाळून भागत नाही.

मी, माउली जोतिराम रुपनवर, वय सव्वीस, शिक्षण नववीपर्यंत, मूळ राहणार नातेपुते, सध्या सोलापुरात दवाखान्यात, खाट नंबर नऊ, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. लई घाबरलोय, पण घाबरलेल्याचं मृत्युपत्रही चालतं, असं दहा नंबरच्या ईश्वरप्पांनी सांगितलंय. ते कोर्टात बेलीफ होते.

१. बँकेत जे असेल ते आई फुलाबाईला. मोटारसायकल धाकटी बहीण पूनमला. पुढचा ब्रेक लागत नाही, तो आधी करून घे.

२. थोरला भाऊ ज्ञानू याला काहीही नाही. त्यानं माझ्या माश्यांच्या तीस शिश्या उकिरड्यावर ओतल्या. स्पिरिटचा वास आला म्हणून. "माश्या टाकून दारू पितुयास व्हय रं?" असं सगळ्या आळीपुढं ओरडला. तीन महिन्यांचं काम गेलं. माफ केलेलं नाही. पण परवा रक्त त्यानंच दिलं, तेव्हा माझं घोंगडं त्याला द्यावं.

३. मला पुरू नये, जाळावं. कुबड्या माश्या मेलेल्याच्या वासावर हातभर माती खणून खाली उतरतात. मी स्वतः बघितलंय. रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढं येतं. जाळाच.

४. जाळी, भिंग आणि चारशेवर शिश्या चंद्रिका मॅडमना. मॅडम कॉलेजात शिकवतात आणि याच बारीक कुबड्या माश्यांच्या नव्या जाती शोधून त्यांचं वर्णन लिहितात. चार वर्षांपूर्वी मी मेंढरं घेऊन ओढ्याला होतो, तर ही बाई तोंडात नळी धरून माश्या शिशीत ओढत होती. मी म्हटलं, "काकू, चहा मिळंना व्हय?" त्या म्हणाल्या, "तू ओढून दाखव की." तेव्हापासून मी ओढतोय. मेंढरं राहिली ज्ञानूकडं.

५. आता खरं कलम.

आमच्या धंद्यात माशी धरली की जागच्या जागी पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून शिशीत टाकायची: गाव, तारीख, धरणाऱ्याचं नाव. चिठ्ठीशिवाय माशी म्हणजे कचरा. गेल्या वर्षी मी अकलूजच्या कालव्यावर एक शिशी भरली आणि चार दिवसांनी कुंभारीत दुसरी. कुंभारीत पेन्सिल काढली, तेवढ्यात समोर दोन बोकडांची टक्कर लागली. ती बघत बसलो. अकलूजचीही चिठ्ठी राहिलेलीच, आणि दोन्ही शिश्या एकाच खिशात. चिठ्ठ्या घरी येऊन अंदाजानं लिहिल्या.

त्यातल्या एका शिशीत तिळाच्या निम्म्याएवढा एक नर निघाला. मागच्या पायाच्या मांडीवर सात केस. ओळखीच्या सगळ्या जातींना पाच. मॅडमनी आठवडाभर भिंगातून मान काढली नाही. नवी जात! चिठ्ठीवर अकलूज. मॅडमचं माहेर अकलूज. "माउली, माझ्या गावाचं नाव देऊ या हिला," म्हणाल्या आणि डोळे पुसले.

पुढं मी ती शिशी धुतली, तर तळाशी कांद्याची साल. आमिष म्हणून सडका कांदा मी फक्त कुंभारीत ठेवला होता. ही माशी कुंभारीची आहे.

मॅडमना हे सांगितलं नाही. एक चिठ्ठी खोटी म्हटली की बाकी चारशे खऱ्या कशावरून? मॅडमना सगळ्या फेकाव्या लागतील, आणि मलाही हाकलावं लागेल. या जातीवरचा मॅडमचा लेख येत्या सोमवारी छापायला जातोय. नाव एकदा छापलं की, गाव चुकीचं निघालं तरी, नियमानं तेच कायम राहतं. जग अकलूजला शोधत बसेल.

६. मी मेलो तर पूनमनं हा कागद रविवारच्या आत मॅडमना द्यावा. जगलो तर फाडावा. मेलेल्याला कोणी रागवत नाही, एवढाच माझा हिशेब. हे लिहिताना लाज वाटतेय, पण भीती त्याहून मोठी आहे. ऑपरेशनची की मॅडमची, ते नीट कळत नाही.

साक्षीदार: १) ईश्वरप्पा, खाट नंबर दहा. सही करताना म्हणाले, "माशीपायी मृत्युपत्र? मी आजवर मारतच आलो की!" २) नंदीश, वॉर्डातला ब्रदर.

माउली जोतिराम रुपनवर
सोलापूर, शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५, दुपारी चार

ता. क. पूनम धावत आली. "दादा, मॅडम आल्यात! खाली लिफ्टपाशी. तू दवाखान्यात हाईस एवढंच म्या सांगितलं, ऑपरेशनचं न्हाय, शपथ. लेखावर तुझं बी नाव हाय, म्हणून सही घ्यायला धारवाडचं काम सोडून आल्यात."

कलम सहा मी खोडलं आहे. ईश्वरप्पा, साक्षीला या खाडाखोडीवर पुन्हा सही करा. कागद पूनमकडं देत नाही, मॅडमना माझ्याच हातानं देतो. दार उघडलं.