एकवर अडकलेली चकती

अहो,

तुमचं दाढीचं यंत्र दुरुस्त करून आरशाखाली ठेवलं आहे. कोमट पाण्यात भिजवून जुन्या ब्रशने साबणाचा थर काढला, दांड्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. पात्यावरच्या झाकणाचे दोन्ही पंख आता सहज उघडतात.

पातं कमी-जास्त बाहेर काढायची एक ते नऊ आकड्यांची चकती एकवरच अडकते म्हणून सात वर्षं तुम्ही बनवणाऱ्याला शिव्या घातल्यात. त्याचा दोष नव्हता. तुमचे हात थरथरायला लागल्यापासून तुमची दाढी मी करते. एखाद्या दिवशी हट्टाने स्वतः करायला गेलात तर पातं फार बाहेर येऊ नये, म्हणून चकतीत मेण मीच भरलं होतं. आज तेही खरवडून काढलं.

काल पाहुण्यांसमोर माझी अंकलिपी नाचवत म्हणालात, "हिला साठीत अक्षरं फुटली! आता दुधाचे दात कधी येतात बघू!" सगळे पोट धरून हसले. मी त्यांना चहा दिला.

मी ताईकडे जाते आहे, परत येणार नाही. उद्या तुमचा सत्कार आहे आणि उद्या सलून बंद असतं. दिवस मी ते पाहूनच ठरवला.

चकती नऊवर आहे. बोटं थरथरायची थांबली की एकवर आणा.