बसवजयंतीपर्यंत थांब

आव्वा,

काल मी बॅटरीची स्कूटर घेतली. अमावास्या होती. शोरूममधल्या बाई अदबीनं म्हणाल्या, मॅडम, दोन दिवसांनी न्या, आज कोणी गाडी नेत नाही. मी म्हटलं, महिनाअखेरीला सरकारची सूट कमी होणार असं तुम्हीच पाटीवर लिहिलंय, मला आजच द्या. बिल झालं, चावी मिळाली, पुण्याच्या गर्दीतून ती बिनआवाजाची गाडी घरी आणली, खाली लावली आणि वर येऊन कुकर चढवला. आनंद झाला का, असं यांनी विचारलं. झाला असेल, म्हटलं. खरं सांगायचं तर काहीच झालं नाही. हे काहीच न होणं माझ्या जुन्या ओळखीचं आहे, म्हणून तुला लिहायला बसले. तू जाऊन दहा वर्षं उलटून गेली, त्यामुळे घाई अशी काही नाही.

बसवकल्याणच्या आपल्या घरातली चूल दिसते मला. तू भाकरी थापते आहेस, वरून तीळ दाबते आहेस, तव्यावर भाजून झाली की चुलीच्या कडेला उभी करते आहेस, पापडासारखी कडक होईपर्यंत. दुपार झाली की टोपली डोक्यावर. आधी हायवेवरच्या खानावळी, मग परत येऊन दुसरी टोपली, ती पोरींच्या होस्टेलला. अप्पा गेल्यापासून तुझं हेच चाललेलं होतं आणि त्यावरच मी बी.कॉम. झाले. मग गुलबर्ग्याला बॅटरीच्या स्कूटरी विकणाऱ्या एका एजन्सीत बिलं करायला लागले. तोवर तुझे गुडघे गेले होते. उतारावर तू आडवी पावलं टाकत उतरायचीस आणि कुणी बघितलं तर रागवायचीस.

ज्वारी काढणीला आलेली असताना तू एजन्सीत आलीस. किती वजन नेते, पावसात बंद पडते का, एवढं विचारून तू लायसनचं विचारलंस. या हळू चालणाऱ्या गाडीला लायसन लागत नाही म्हटल्यावर, मंग ही माझ्यासाठीच काडली म्हण की, असं म्हणून हसलीस. सूट कशी मिळते ते मी समजावलं. दिल्लीचं सरकार एकेका गाडीमागे कंपनीला पैसे देतं, तेवढी गाडी आपल्याला स्वस्त पडते. तू डोळे बारीक केलेस.

"सरकार मला कामून द्यायलंय?"

गाडीला धूर नाही म्हणून, मी म्हटलं.

"मंग चुलीचं बी द्या म्हणाव."

मालकसुद्धा हसले. रांगेतली निळी गाडी तू निवडलीस. मी तुझं नाव कागदावर लिहून तिच्या सीटला चिकटपट्टीनं लावलं. तू ते नाव बोटानं चाचपून बघितलंस. आठ दिवसांत भिशी मिळणार होती, ती मिळाली की लगेच न्यायची, असं तुझं ठरलं होतं.

आणि मी म्हटलं, बसवजयंतीपर्यंत थांब. मालक त्या दिवशी मंडप घालून गाड्या देणार होते, गळ्यात हार, पेपरवाल्यांना बोलावणं. तुझा फोटो यावा असं मला वाटत होतं. आत्याकडचे लोक मला भाकरीवालीची पोरगी म्हणायचे, त्यांनी तो बघावा. तुला ते पटलं नाही. आपल्या घरात पंचांग कधी आलं नाही, लग्नं सुटीच्या दिवशी झाली, घराचा पाया भर अमावास्येला खोदला. गळ्यात लिंग आहे त्याला सगळे दिवस सारखे, असं तूच मला लहानपणापासून सांगत आलेली.

"आपल्यात कवा मुहूर्त बघत्यात गं? हातात पैसे आले की आनायची. मला कामून थांबवायलीस?"

मुहूर्त नाही आव्वा, बसवण्णांचा दिवस आहे, असं मी म्हटलं आणि तुला गप्प केलं. शिकलेल्या लेकीपुढे तू नेहमीच लवकर गप्प व्हायचीस. घरी जाऊन तू मिस्त्री बोलावलास आणि चुलीपासून लांब, दाराजवळ, गुडघ्याएवढ्या उंचीवर चार्जिंगचा प्लग बसवून घेतलास. रोज लाइट कधी जाते, कधी येते, ते भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलंस. वाकायला नको म्हणून प्लग जरा वर घेतला, असं तू शेजारच्या फोनवरून मला सांगितलंस. इतकी खुशीत तू फोनवर कधी बोलली नव्हतीस.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीचा फॅक्स आला की एक तारखेपासून सूट बंद. ज्यांची नावं लागलीत त्यांना बोलावून याच आठवड्यात बिलं करा, मालक म्हणाले. मी सगळ्यांना फोन केले. शेजारच्यांचा नंबर मला पाठ होता, तो लावला नाही. सूट वाढवून मिळतेच, असं दुकानात सगळे म्हणत होते, आणि मला ते मानायचं होतं. वाढली नाही. एप्रिलमध्ये एजन्सीचं दार उघडून आम्ही नुसते बसून असायचो. मंडपाचं नावही कुणी काढलं नाही. तरी मी तुला काही कळवलं नाही. आज कळवू, उद्या कळवू, असं करत बसवजयंती आली.

तू पहिल्या बसनं आलीस. इरकल नेसलेली, पिशवीत सगळ्यांसाठी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. गाडीला घालायला झेंडूचा हार तू स्वतः ओवून आणला होतास. भाव मालकांनी सांगितला, मी नाही. फरक माझ्या महिन्याच्या पगाराएवढा होता. तू माझ्याकडे बघितलंस, मी बिलबुकाकडे. मी भरते, असं मी म्हणाले, पण फार हळू.

"सरकारनं काडून घेतलेलं लेकीनं कामून भरायचं?"

मग तू उठून निळ्या गाडीपाशी गेलीस, सीटवर हात फिरवलास, पदर खोचून बसलीस. दोन्ही हात हँडलवर, पाय जमिनीवर. मला विचारलंस, "मी निवडलेली हीच न्हवं?" मी व्हय म्हटलं. तू हँडल सोडलंस आणि उतरलीस. ऱ्हाऊ दे गं, चालायलाय की माझं, म्हणालीस. आम्हाला भाकरी वाढल्यास, स्वतः अर्धीच खाल्लीस, आणि दुपारच्या बसनं परत गेलीस. हार मालकांच्या टेबलावर राहिला.

दिवाळीपर्यंत एजन्सी बंद झाली आणि मी पुण्याला आले. तू आधी होस्टेलची टोपली सोडलीस. पुढे खानावळींना ऑटोतून भाकरी देणारी दुसरी बाई मिळाली. मग तू दारात बसून असायचीस. गाडीचा विषय तू काढला नाहीस, मीही नाही. तू गेलीस तेव्हा मी आले. सगळे रडत होते, मला रडू आलं नाही. माझा फोन बंद पडायला आला होता, तो मी दाराजवळच्या प्लगला लावला. त्यावर तू धूळ बसू नये म्हणून फडकं बांधलेलं होतं, ते सोडावं लागलं. तो प्लग पहिल्यांदा वापरला तो मी.

हा कागद मी नव्या गाडीच्या डिक्कीत चार्जरखाली ठेवणार आहे. एक राहिलं. मार्चच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी एक बाई घाईघाईनं आल्या होत्या. सूट मिळणारी एकच गाडी उरली होती, सीटवर नाव असलेली. मालकांनी माझ्याकडे बघितलं. तुझ्या नावाचा कागद मी काढला, चिकटपट्टीचा डाग ओल्या फडक्यानं पुसला आणि बिल केलं. तू बसलीस ती एप्रिलमध्ये आलेली दुसरी निळी होती. मी व्हय म्हणाले, पण ती तुझी नव्हती, आव्वा.