हिरवा टॉवेल

रविवार, संध्याकाळ

बाबा हिरवा टॉवेल घेऊन घरी आले. आमचा तर निळा.

आज आमच्या गास गावच्या मैदानावर वरच्या आणि खालच्या आळीची रस्सीखेच होती. हरलेली आळी दरवर्षी बक्षीस समारंभाआधीच निघून जाते. म्हणून यंदा मी बैठकीत सांगितलं, ऑलिम्पिकच्या समारोपात खेळाडू देशवार येत नाहीत, सगळे मिसळून चालतात. पूर्वी तसं नव्हतं. मेलबर्नच्या वेळी एका पोराने सुचवलं आणि प्रथा पडली. आपणही बक्षिसाआधी तसंच मिसळून मैदानाला एक फेरी मारू या.

बाबा हसले होते. "ते विमानात बसून आपापल्या घरी जातात गो. आपल्याला उद्या एकाच मोटरचं पानी घ्यायचंय."

आणि हरली नेमकी बाबांची खालची आळी. बाबा फाटकाकडे निघाले. घरातली पहिली पदवीधर मी, आणि घरातलंच माणूस ऐकणार नसेल तर गाव कशाला ऐकेल?

तेवढ्यात वरच्या आळीचे दामूकाका ओरडले, "पाय घसरला म्हनून सांगत फिरशील ना? चल, चालता चालता सांग."

बाबा वळले. अख्खी फेरी दोघं भांडत, घाम पुसत चालले. मागे दोन्ही आळ्या, कोण कुठली कळेना. मला वाटलं होतं तसं गंभीर काहीच नाही. पण सगळे मिसळून होते.

दामूकाकांशी टॉवेल कधी बदलला, बाबांनाही आठवत नाही. आई म्हणाली, "आताच देऊन या."

"उद्या. च्याला बोलवलंय त्यानं. भांडन अर्धं राहिलंय."