शेवटपर्यंत पाहणारे

६ मार्च, सोमवार

माझ्या हातांनी केलेलं — जुन्या फ्रिजच्या खोक्यातलं अंडी उबवायचं यंत्र, दोनशे चौसष्ट अंड्यांचं. त्यातले ट्रे आणि ट्रेच्या जाळ्या. ट्रे कलते करणारी मोटर मोडक्या मायक्रोवेव्हमधली, पण तिचा दांडा घासून मीच बसवला. मोबाइलचा स्टँड, सायकलच्या चिमट्याचा. दिव्याची छत्री, दुधाच्या डब्याची. आणि बेचाळीस व्हिडिओ — बोलणं माझं, कापाकापी माझी. कुणी शिकवलं नाही. शाळा आठवीत सुटली.

हे लिहून ठेवतो, कारण गेल्या तीन आठवड्यांत चॅनेलचे आकडे चढलेत आणि ते काही माझ्या हातचं काम वाटत नाही!

७ मार्च

दोन वर्षांत जेवढे तास लोकांनी माझे व्हिडिओ पाहिले, तेवढे या तीन आठवड्यांत पाहिले. बरं, पाहिले तर पाहिले. पण कसे पाहिले?

मोबाइलवर एक रेघ दिसते — कुठल्या मिनिटाला किती जण सोडून गेले त्याची. ती उतरतीच असते, भल्याभल्यांची उतरते. माझी सध्या आडवी आहे, टेबलासारखी. एका व्हिडिओत मी ट्रेला भोकं पाडत बसलोय, नुसता ड्रिलचा आवाज. मी स्वतःसुद्धा तो भाग पुढे ढकलतो. या मंडळींनी तो अख्खा पाहिला. न थांबता. प्रामाणिक माणूस असं बघत नाही.

९ मार्च, गुरुवार

दुपारी दोनला सत्तावीस जण आले. चारला सगळे गेले. एकदम.

१० मार्च

मुतेंबेईच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. रेघ दाखवली. हसला.

"मिस्त्री, नशीब दारात आलंय. आत घ्या! तुम्ही बिजागरी काय तपासत बसता?"

मी म्हटलं, बिजागरी तपासली नाही तर दार अंगावर येतं.

मग नीट बोलला. हल्ली म्हणे खोटे बघणारे विकत मिळतात, शेकड्याने. आणि पकडले गेले की चॅनेलच बंद करतात.

"मी एक शिलिंग दिलेला नाही!"

"तुम्ही कशाला द्याल? तुमचं वाईट चिंतणारा देईल."

माझं वाईट चिंतणारा एकच. गिकुंडा. बाजारात एक दिवसाची पिल्लं विकतो. लोक घरीच अंडी उबवायला लागले तर त्याच्याकडे कोण जाणार?

१३ मार्च

गिकुंडाला सरळ विचारलं. तो पिल्लांना पाणी पाजत होता. वरसुद्धा पाहिलं नाही.

"तुझे व्हिडिओ? अरे, झोप लागत नसली की आमची ही लावते. दोन मिनिटांत घोरायला लागते. औषधाचे पैसे वाचले बघ."

त्याची बायको आतून खो खो हसली. म्हणजे खरं असणार. दोन मिनिटांत झोपणारे ते माझे शेवटपर्यंत बघणारे नव्हेत.

१५ मार्च

सापळा लावला. नवा व्हिडिओ — नुसता रिकामा ट्रे. वीस मिनिटं. मी नाही, आवाज नाही, अंडं नाही.

१६ मार्च, गुरुवार

सत्तावीस जणांनी पाहिला. शेवटपर्यंत! एकानेही लिहिलं नाही की मिस्त्री, हे काय आहे.

म्हणजे बघणारं कुणी नाहीच. नुसते फोन चालू आहेत कुठेतरी.

२० मार्च

घरातला नेटचा पॅक गुरुवारीच का संपतो? बायकोला, मकेनाच्या आईला, विचारलं. म्हणाली, "अहो, बचत गटात आम्ही चर्चची गाणी ऐकतो."

दोन तास? आणि गाणी ऐकून आल्यावर एखादी तरी ओळ तोंडात राहायला हवी. ही येते ती गप्पच. फोन पर्समध्ये टाकते, चुलीकडे जाते. काहीतरी लपवतेय. गटात जातेय की दुसरीकडेच कुठे? करीमीच्या अंगणात जमतात म्हणे, सत्तावीस बायका —

सत्तावीस.

२३ मार्च, गुरुवार

गेलो. कुंपणापाशीच माझा आवाज ऐकू आला.

अंगणाच्या मध्ये पोतं, पोत्यावर सुपं, सुपांत पालथे घातलेले फोन. सगळ्यांतून मी बोलत होतो, थोडा थोडा मागेपुढे, जसा काही घशात गोंधळ उडालाय. बायका भोवती बसून घेवडा सोलत होत्या आणि कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. माझ्याकडे एकीचंही लक्ष नव्हतं. ना फोनमधल्या, ना कुंपणापाशी उभ्या असलेल्या.

करीमी गटाची अध्यक्ष. तिने पहिल्यांदा पाहिलं. "या मिस्त्री! तुमच्या आवाजाचा फार उपयोग होतो बघा. आमचं बोलणं शेजारी जात नाही."

दुसरी म्हणाली, "मध्येच बंद केला तर वीस शिलिंग दंड आहे आम्हाला. पहिल्याच आठवड्यात मी भरला! काय हो, त्या रिकाम्या ताटात काय होतं एवढं वीस मिनिटं?"

सगळ्या हसल्या. मी विचारलं, हा ठराव मांडला कुणी?

मकेनाच्या आईने आणखी एक शेंग उचलली.

२४ मार्च

शेवटी रात्री मकेनाची आईच बोलली.

"तुम्ही ताट पुढ्यात घेऊन आकडा बघत बसता. आकडा हलत नाही. मग तुम्ही जेवत नाही. मला तुमची रेघबिघ कळत नाही. तुम्ही जेवत नाही एवढं कळतं. म्हणून हलवला."

"म्हणजे खरा बघणारा एकही नाही!"

"असेल की. मी कुठे मोजायला गेले?"

तिच्यावर ओरडायचं ठरवलं होतं. जमलं नाही. पण दोन वर्षं मी बोललो ते कुणाशी? घेवड्याशी?

२७ मार्च

नैरोबीहून फोन. अंडी उबवायची यंत्रं विकणारी कंपनी. न्जोगू नावाचा माणूस. "मास्तर, तुमच्या चॅनेलबद्दल बोलायचंय, आम्हीच येतो." मास्तर! मला इथे कुणी मास्तर म्हणत नाही. आवाज फार गोड होता. गोड आवाजाचा माणूस पैसे देतो तेव्हा त्याने आधी काहीतरी मोजलेलं असतं. याने काय मोजलं असेल? सुपातले फोनच ना!

मकेनाची आई म्हणाली, "देतील ते घ्या. गुरुवारचं काढू नका."

काढणार. खोट्या मापावर मी आजवर माल दिलेला नाही.

२९ मार्च

ठरलं. आधी सांगायचं, मग चहा. आणि तो गेला की चॅनेल बंद.

३० मार्च, गुरुवार

न्जोगू आला. बसायच्या आत त्याला सगळं सांगितलं — बायका, सुपं, दंड. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "मास्तर, चॅनेलवर कोण येतं याच्याशी आम्हाला काय करायचंय? नेटला पैसे लागतात. एक जण तुमचा व्हिडिओ उतरवून घेतो, मग तो मेमरी कार्डावरून गावभर फिरतो. इसिओलो, चुका, एम्बू, कुठल्याही गावात जा — आमचं लहान यंत्र खपतच नाही. विकायला गेलो की लोक जुना फ्रिज उघडून दाखवतात. आत पिल्लं!"

मागणी अशी — सगळे व्हिडिओ काढून टाकायचे आणि शेवटचा एक करायचा, की घरी केलेलं यंत्र पेट घेतं, कुणी करू नये. नाही म्हणालो. चॅनेल बंद करायचंही रद्द. साडेचार लाख शिलिंग देत होते.