काळी रिम की चंदेरी

म्युनिक, ऑक्टोबरअखेर, शनिवार संध्याकाळ

टायरवाल्याने आज सरळच विचारलं, "दोन सीटची स्पोर्ट्स कार, हिवाळ्यात नेणार कुठे?" मी ऐटीत म्हणालो, "ब्राउनश्वाइगला, लेकीकडे. नाताळात." मग विंटर टायर ठरले, एक इंच लहान रिमही ठरली. राहिला फक्त रंग. काळी की चंदेरी?

घरी येऊन लेकीला फोन केला. मी मराठीत बोललो, तिने जर्मनमध्ये सांगितलं, नाताळात ती मैत्रिणींबरोबर स्कीइंगला चाललीय.

"बरं. पण रिम काळी की चंदेरी?"

"एगाल, पापा." म्हणजे काहीही चालेल. बाप आला काय, न आला काय, तेही त्यातच.

तरी ऑर्डर पाठवलीच. काळी. काळीवर ब्रेक घासून बसणारी काजळी दिसत नाही म्हणे. पण आता हिवाळाभर तळघरातल्या पार्किंगमध्येच उभ्या गाडीला काजळी धरणार तरी कुठून?