माझ्या वजनाची गाडी

१२ जानेवारी, सोमवार

वळली! स्टिअरिंग जरासं फिरवलं आणि नाक आत गेलं. कालपर्यंत हीच गाडी वळणावर सरळ पळायची. मागचा अँटी-रोल बार — वळताना गाडी कलू न देणारा दांडा — एका भोकाने कडक केला, बस्स.

चालवत होता गिरीराज. गाडी त्याचीच — जुनी, लाल, दोन सीटची. मी शेजारी. "तू हसत का नाहीस गं?" म्हणाला. मी म्हटलं, "टायरमधली हवा बघायचीय."

घरी येऊन दार लावलं आणि नाचले.

१४ जानेवारी

व्हाइटफील्डच्या ऑफिसात दिवसभर स्क्रीनवर सस्पेन्शन. तिथे ड्रायव्हर म्हणजे एक आकडा. येलहंक्याला शिवलीला अक्कांच्या गॅरेजमध्ये तोच ड्रायव्हर उशिरा येतो, मसाला डोशाचा वास घेऊन, आणि विचारतो, "पंचवीसला जिंकतोय ना आपण?"

पंचवीसला ऑटोक्रॉस. मैदानात शंकू मांडलेले, एका वेळी एक गाडी, ज्याला वेळ कमी लागेल तो पुढे.

अक्का बिदरच्या. मराठी बोलतात, हुकूमही मराठीतच. "तू का नाही चालवत?"

"मी मोजते, अक्का."

खोटं! मला चालवायचंय. फार चालवायचंय. पण गाडी त्याची, सीट त्याची. मागणार नाही.

१७ जानेवारी, शनिवार

चार चाकांखाली चार वजनकाटे. कुठल्या चाकावर किती भार ते बघत स्प्रिंगच्या रिंगा फिरवायच्या. सीटवर ड्रायव्हर लागतो. गिरीराज नाश्त्याला गेलेला, त्याच्याऐवजी ठेवायला वाळूच्या पिशव्या नव्हत्या — मीच बसले. मी आकडे वाचत होते, अक्का रिंगा फिरवत होत्या. जुळलं! कालच अक्कांनी डिफरेन्शियलही कडक केलाय. वळणातून निघताना आता मागची दोन्ही चाकं जोर लावतात.

"एक राउंड मार," अक्का म्हणाल्या. "तपासायला."

तपासायलाच, हो!

काय सांगू! डावीकडे तशीच उजवीकडे. मी मनात आणायचा अवकाश, ती वळलेली. ओरडले. काचा बंद होत्या, कुणाला ऐकू गेलं नसावं.

१८ जानेवारी

गेलं होतं. गिरीराजने नक्कल करून दाखवली.

२१ जानेवारी, बुधवार

गिरीराजच्या हातात गाडी बिघडली! उजवीकडे ठीक, डावीकडे नाक बाहेर. सरावात दोन शंकू चिरडले. "मला मानतच नाही ही! काय शिकवलंस तिला?"

टायर, चाकांचे कोन, सगळं पुन्हा तपासलं. बरोबर.

जेवताना घास हातातच राहिला. काट्यांवर गाडी होती तेव्हा सीटवर कोण होतं? मी. एक्कावन्न किलो. गिरीराज चौऱ्याण्णव! अख्खी गाडी माझ्या वजनाला जुळवलीय. आणि म्हणे हीच माझी नोकरी!

२४ जानेवारी, शनिवार

सांगून टाकलं. पाना हातात घेऊनच — म्हटलं, आत्ता बदलून देते.

गिरीराज इतका हसला की बॉनेटवर बसला. "उतर रे, पत्रा वाकेल!" अक्का ओरडल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "स्वल्प थांब. रिंगा कशाला फिरवतेस? माणूस बदल."

कुणीच हसलं नाही. वर्षभर या एका रविवारची वाट बघतोय गिरीराज. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला उगीच लाथ मारली. मी पाना रिंगेला लावला. त्याने तो काढून घेतला आणि किल्ली दिली.

"उद्या तू. पण काय ओरडायचं ते काच उघडून ओरड."

नीट धन्यवादही म्हणाले नाही. फक्त मान हलवली. मूर्ख!

२५ जानेवारी, रविवार

दुसरी!! एकही शंकू पडला नाही! शेवटच्या डाव्या वळणावर मागची चाकं किंचित सुटली, मी सावरलं, तिने ऐकलं — आणि मी हसत होते, सगळ्यांसमोर, दात दाखवत. अक्कांनी सगळ्यांना सांगितलं, "आमची पोरगी!" ओरडून ओरडून गिरीराजचा घसा बसलाय. मला झोप येणं शक्य नाही.

२७ जानेवारी

गिरीराजचा फोन. "आजपासून भात बंद. पुढच्या शर्यतीपर्यंत एक्कावन्नवर येतो, मग सीट परत दे."

"देत नाही," म्हटलं. माझ्याच तोंडून!

तो म्हणाला, "सरी, ठीक आहे. मग जेवतो मी."